आधी तारा, मग वीज

संगणक कक्षात किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेले काचेच्या दाराचे एक लोखंडी कपाट तुम्ही पाहिले असेल. आत चपट्या पेट्या एकावर एक बसवलेल्या असतात, त्यांच्या तोंडाशी निळ्या-करड्या तारांचा गुंता असतो आणि हिरवे दिवे सारखे लुकलुकत असतात. या पेट्यांना स्विच म्हणतात. भिंतीवरच्या दिव्याच्या बटणाशी त्यांचे फक्त नावाचे साम्य आहे. एका संगणकाने पाठवलेली माहिती नेमक्या दुसऱ्या संगणकाकडे पोचवणे हे त्यांचे काम.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेच्या इमारतीत असे चार स्विच एकमेकांना जोडून ठेवलेले होते. नव्या खोलीसाठी आणखी काही जोडण्या हव्या होत्या. त्याच जातीचा, दुसऱ्या इमारतीतून काढून ठेवलेला एक स्विच भांडारात पडून होता. आम्ही तो टेबलावर ठेवून तपासला, त्याच्यात साठवलेली जुनी माहिती पुसून टाकली, कपाटात बसवला आणि वीज चालू केली. दिवे स्थिर झाल्यावर दोन तारा लावून तो चार जुन्या स्विचना जोडला.

थोड्याच वेळात चारही जुन्या स्विचचे दिवे मालवले आणि ते नव्याने सुरू होऊ लागले. इमारतीचे सगळे जाळे बंद पडले. तळमजल्यावर एका विद्यार्थ्याचे मापन तीन दिवसांपासून अखंड चालू होते. उपकरणाची वाचने जाळ्यावरूनच संगणकात जात होती. ती मालिका तिथेच तुटली आणि मापन पहिल्यापासून करावे लागले. काही मिनिटांनी चारही स्विच परत उभे राहिले, पण त्यांच्याजवळची जुनी व्यवस्था गेली होती. कोणती जोडणी कोणत्या विभागाची, कोणाला कुठे जाण्याची मुभा, यातले त्यांना काहीच ठाऊक नव्हते. नुकताच आलेला पाचवा स्विच त्यांचा प्रमुख होऊन बसला होता!

गंमत अशी, की नवा स्विच बिघडलेला नव्हता आणि जुनेही बिघडलेले नव्हते. पाचही जणांनी नेमून दिलेल्या नियमांप्रमाणे अगदी बिनचूक काम केले होते. चूक आमची होती. आम्ही आधी वीज दिली आणि मग तारा जोडल्या. हा क्रम उलटा असता तर काहीही झाले नसते. एवढ्याशा फरकाने इतके मोठे नुकसान का व्हावे? या प्रश्नाच्या मागे संगणकशास्त्रातला एक सुंदर प्रश्न लपलेला आहे. आज तो समजून घेऊ.

स्विच नेमके काय करतो?

१९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक जोडण्याची एक पद्धत सुचवली. तिचे नाव ईथरनेट. सुरुवातीच्या ईथरनेटमध्ये सगळे संगणक एकाच लांब तारेला जोडलेले असत. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाई. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे फुकट जाई आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा बोलावे लागे. वर्गात सगळी मुले एकदम उत्तर देऊ लागली की काय होते ते शिक्षकांना सांगायला नकोच.

संगणकांची संख्या वाढली तशी ही पद्धत तोकडी पडू लागली. १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ नावाच्या एका अमेरिकी कंपनीने सात जोडण्यांचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. कंपनीचे हे नाव आपल्या कानाला ओळखीचे वाटते, कारण तिच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे होते. पुढे १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने ‘कल्पना’ विकत घेतली.

स्विचचे काम गावातल्या जुन्या पोस्टमनसारखे आहे. पोस्टमन नवा असतो तेव्हा त्याला कोण कुठे राहते ते माहीत नसते. हळूहळू त्याला घरे पाठ होतात. ईथरनेटवर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक ४८ अंकी द्विमान क्रमांक दिलेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. ४८ द्विमान अंकांनी सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक तयार होतात. त्यातले पहिले २४ अंक उत्पादकाला नेमून दिलेले असतात आणि उरलेले उत्पादक स्वतः देतो. त्यामुळे दोन उपकरणांचा कारखान्यात दिलेला क्रमांक सहसा सारखा नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे उपयोगी पडणार आहे. एखाद्या जोडणीतून माहिती आली की स्विच पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता वाचतो आणि ‘हा अमुक जोडणीवर राहतो’ अशी नोंद आपल्या तक्त्यात करतो. पुढच्या वेळी त्याच्यासाठी काही आले तर ते फक्त त्याच जोडणीवर पाठवतो. तक्त्यात नाव नसेल तर मात्र सगळीकडे पाठवतो.

चळत कशासाठी?

एका स्विचवर साधारणपणे २४ किंवा ४८ जोडण्या असतात. इमारतीत तीनशे संगणक असतील तर सात-आठ स्विच लागतात. ते साध्या तारेने एकमेकांना जोडता येतात, पण मग प्रत्येकाची व्यवस्था वेगळी लावावी लागते, प्रत्येकाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, आणि दोन स्विचमधल्या एकाच तारेवरून सगळी रहदारी जाते. यावर उपाय म्हणून स्विचची चळत करण्याची पद्धत आली. इंग्रजीत तिला स्टॅक म्हणतात. मांडणीवर भांड्यांची चळत असते तशीच ही, फक्त इथे मागच्या बाजूने खास जाड तारांनी सगळे स्विच एकमेकांना जोडलेले असतात. बाहेरून पाहणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला ती सगळी चळत एकच मोठा स्विच वाटते. तिचा जाळ्यावरचा पत्ता एक, तिची व्यवस्था लिहिलेली फाइल एक. या फाइलला कॉन्फिगरेशन म्हणतात. आपण तिला मांडणी म्हणू.

२००३ साली सिस्को कंपनीने आणलेली कॅटॅलिस्ट ३७५० ही मालिका याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात जास्तीत जास्त नऊ स्विच एका चळतीत बसत. प्रत्येकी ४८ जोडण्या धरल्या तर नऊ स्विच मिळून ४३२ जोडण्या झाल्या, आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणाहून चालवता येत. या मालिकेतली जोडणी वलयाकार असते. पहिला स्विच दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला. वलयावरून माहिती दोन्ही दिशांनी फिरते. प्रत्येक दिशेला सेकंदाला १६ अब्ज बिट, म्हणजे एकूण ३२ अब्ज. एखादी तार तुटली तर वलयाची सरळ माळ होते, क्षमता निम्म्यावर येते, पण कोणीही एकटा पडत नाही. तार वलयाकार का जोडायची, त्याचे हे उत्तर.

अनेकांनी मिळून एक असल्यासारखे वागायचे तर कोणीतरी निर्णय घ्यायला हवा. म्हणून चळतीतला एक स्विच प्रमुख असतो. मांडणी त्याच्याकडची चालते, बाकीचे सदस्य तिच्याप्रमाणे वागतात. प्रमुख बंद पडला तर उरलेल्यांतून नवा प्रमुख निवडला जातो. इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडचण पुढे आहे. प्रमुख निवडायचा कसा, आणि तो निवडणार कोण?

सारख्यांतून एक कसा निवडायचा?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. माणसे जमतात, बोलतात, कोणाला तरी पुढे करतात. पण यंत्रांपाशी ओळखपाळख नसते, वयाचा मान नसतो, भिडस्तपणाही नसतो. त्यांच्यापाशी फक्त नियम असतात, आणि प्रत्येकात तेच नियम भरलेले असतात.

समजा, आठ मुले गोल करून उभी आहेत. त्यांना नावे नाहीत, क्रमांक नाहीत, सगळ्यांना एकच नियम सांगितलेला आहे आणि सगळी एकदम सुरुवात करतात. पहिल्या पायरीला प्रत्येक जण तेच करील, कारण प्रत्येकाची स्थिती तीच आहे. मग दुसऱ्या पायरीलाही तेच. ज्या क्षणी एक मुलगा ‘मी प्रमुख’ म्हणेल त्याच क्षणी उरलेली सातही तेच म्हणतील! नियम कितीही हुशारीने लिहिला तरी यातून सुटका नाही. १९८० साली डॅना अँग्लुइन या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ बाईंनी हे गणिताने सिद्ध करून दाखवले. निवड व्हायची तर सदस्यांत काहीतरी फरक हवा, नाहीतर नाणेफेकीसारखा दैवाचा भाग तरी आत यायला हवा.

स्विचच्या बाबतीत फरक तयारच आहे, तो म्हणजे मॅक पत्ता. प्रत्येकाचा वेगळा असल्याने त्याच्यावर बरोबरी होत नाही. पण कारखान्यातून योगायोगाने मिळालेल्या क्रमांकावर प्रमुख ठरवणे हे काही शहाणपणाचे नव्हे. म्हणून तो शेवटचा उपाय ठेवतात आणि त्याच्या आधी इतर कसोट्या लावतात. सिस्कोच्या चळतीत, मधल्या एक-दोन बारीक अटी सोडल्या तर, क्रम असा आहे.

पहिली कसोटी : जो आत्ता प्रमुख आहे तोच प्रमुख राहील.

दुसरी कसोटी : ज्याचा अग्रक्रम मोठा तो प्रमुख. अग्रक्रम म्हणजे चालवणाऱ्या माणसाने दिलेला १ ते १५ मधला अंक. काहीच दिले नाही तर तो १ असतो.

शेवटची कसोटी : ज्याचा मॅक पत्ता लहान तो प्रमुख.

पहिली कसोटी किती समंजस आहे पाहा. चालत्या गाड्याला खीळ नको, म्हणून नवा सदस्य कितीही मोठ्या अग्रक्रमाचा असला तरी चालू प्रमुखाला तो हटवत नाही. मग आमच्याकडे उलटे कसे झाले?

सामील होणे आणि विलीन होणे

उत्तर असे आहे. वीज चालू असलेला एकटा स्विच हा कोणाची वाट पाहत बसलेला उमेदवार नसतो. सुरू झाल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलेले असते, कोणीच सापडलेले नसते, आणि त्याने स्वतःला प्रमुख नेमलेले असते. तो म्हणजे एकाच सदस्याची एक पूर्ण चळत. ती लहान असेल, पण तिला प्रमुख आहे आणि स्वतःची मांडणीही आहे.

आता बंद स्विच तारांनी जोडून मग सुरू केला तर काय होते? तो जागा होतो तेव्हा तारांच्या पलीकडे आधीच एक प्रमुख असतो. पहिली कसोटी लागते, नवा स्विच सदस्य होतो, प्रमुखाकडून मांडणी घेतो आणि कामाला लागतो. जुन्या स्विचच्या कामात खंड पडत नाही. याला आपण सामील होणे म्हणू.

पण चालू स्विच जोडला तर दोन चळती समोरासमोर येतात, आणि दोघींना प्रमुख असतो. ‘जो आत्ता प्रमुख आहे तो’ ही कसोटी दोघांनाही लागू पडते, म्हणून ती निरुपयोगी ठरते. पुढची कसोटी अग्रक्रमाची. जो जिंकेल तो आणि त्याचे सदस्य जसेच्या तसे चालू राहतात. हरलेल्या चळतीतले सगळे स्विच, त्यांच्या प्रमुखासकट, बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि जिंकणाऱ्याची मांडणी स्वीकारतात. हे विलीन होणे. चार विरुद्ध एक असा हिशेब इथे नाही. मतदान होत नाही, दोन प्रमुखांची फक्त तुलना होते.

तीच तार, तीच हातातली क्रिया. पण समोरचा झोपलेला होता की जागा, यावर तिचा अर्थ पूर्ण बदलतो. आम्ही समजत होतो की आम्ही एक सदस्य वाढवत आहोत. प्रत्यक्षात आम्ही दोन राज्ये एकत्र करत होतो.

आमच्या जुन्या चळतीत कोणीही कधी अग्रक्रम ठरवून दिलेला नव्हता, म्हणून सगळ्यांचा १ होता. भांडारातला स्विच त्याच्या पूर्वीच्या इमारतीत चळतीचा प्रमुख होता आणि तिथे कोणीतरी त्याला १५ हा अग्रक्रम दिला होता. आम्ही त्याची मांडणी पुसली तेव्हा आमची समजूत होती की तो कोरा झाला. पण अग्रक्रम आणि चळतीतला क्रमांक या दोन गोष्टी मांडणीच्या फाइलमध्ये नसतात. त्या स्विचमध्ये वेगळ्या जागी साठवलेल्या असतात आणि फाइल पुसल्याने जात नाहीत. पाटीवरचे अक्षर पुसले गेले, पण पाटीच्या लाकडी चौकटीवर कोरलेला अंक तसाच राहिला. १५ आणि १ यांची तुलना झाली आणि कोरी पाटी जिंकली. जुन्या चार स्विचनी तिच्याप्रमाणे स्वतःलाही कोरे करून घेतले.

जोडण्याची योग्य रीत

आता नवा स्विच कसा जोडावा हे पायरीपायरीने पाहू. कारण कळले असल्याने पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

सर्वांत आधी जुन्या चळतीच्या मांडणीची एक प्रत दुसऱ्या संगणकावर काढून ठेवावी. आमच्यापाशी अशी प्रत होती, पण ती आठ महिन्यांपूर्वीची होती. मधल्या काळात केलेले बदल आठवून आठवून भरावे लागले, त्यात सबंध दुपार गेली.

मग नवा स्विच चळतीपासून दूर, एकटाच सुरू करून तपासावा. तो त्याच मालिकेतला आहे ना, त्याच्यातली प्रणाली जुन्या स्विचच्याच आवृत्तीची आहे ना, हे पाहावे. आवृत्ती जुळली नाही तर स्विच चळतीत दिसतो, पण पूर्ण सदस्य म्हणून काम करत नाही. त्याचा अग्रक्रम १ करावा आणि चळतीत रिकामा असलेला क्रमांक त्याला द्यावा.

तिकडे जुन्या चळतीत प्रमुखाला १५ अग्रक्रम द्यावा, आणि प्रमुख बंद पडल्यास ज्याने सूत्रे घ्यावीत असे वाटते त्याला १४ द्यावा. अग्रक्रम बदलल्याने लगेच निवडणूक होत नाही. तो अंक पुढच्या निवडणुकीत विचारात घेतला जातो. म्हणून चालू कामात हा बदल करायला भीती नाही.

त्यानंतर नवा स्विच बंद करावा, विजेची तारच काढावी आणि तो कपाटात बसवावा. आता वलय एकाच ठिकाणी उघडायचे. चार स्विचच्या वलयात चार तारा असतात. त्यातली एक तार एका टोकाला सोडवून ते टोक नव्या स्विचला लावायचे, आणि एक नवी तार घेऊन नव्या स्विचपासून सुटलेल्या जागी जोडायची. आता पाच स्विच आणि पाच तारा झाल्या, वलय पुन्हा पूर्ण झाले. तारा घट्ट बसल्या आहेत हे हाताने तपासायचे, आणि सगळ्यांत शेवटी वीज द्यायची.

काही मिनिटे थांबल्यावर प्रमुखाकडे सदस्यांची यादी मागावी. पाच नावे, प्रत्येकाचा क्रमांक, कोण प्रमुख, सगळे तयार आहेत की नाही, आणि वलय दोन्ही बाजूंनी पूर्ण आहे की नाही, एवढे पाहिले की मांडणी जतन करून कपाटाचे दार लावावे.

कोणी विचारील, बंद करून जोडले तर पहिली कसोटी आपले रक्षण करतेच, मग अग्रक्रमाची काळजी कशाला? आपल्याकडे वीज जाते, म्हणून. वीज परत येते तेव्हा सगळे स्विच एकदम जागे होतात आणि आधीचा प्रमुख कोणीच नसतो. पहिली कसोटी तेव्हा उपयोगाची नसते. सिस्कोच्या अलीकडच्या मालिकांत पहिल्या १२० सेकंदांत जे स्विच सुरू होतात ते सगळे निवडणुकीत भाग घेतात. उशिरा आलेला सदस्य म्हणून सामील होतो. १५ अग्रक्रमाचा जुना स्विच आज निमूटपणे सदस्य झाला, तरी वीज जाऊन आल्यावर तो प्रमुख होऊ शकतो. म्हणून प्रमुख कोण असावा हे आपणच अंक देऊन ठरवून ठेवावे, योगायोगावर सोडू नये.

वलय दोन ठिकाणी तुटले तर?

वलय एकाच ठिकाणी उघडा, असे वर म्हटले. त्यामागचे कारण भूमितीचे आहे. गोल दोऱ्याला एके ठिकाणी कातर लावली तर दोरा सरळ होतो, पण एकच राहतो. दोन ठिकाणी कापला तर त्याचे दोन तुकडे होतात. घाईत एकदम दोन तारा काढल्या तर चळतीचेही दोन तुकडे होतात.

यात धोका कोणता? ज्या तुकड्यात प्रमुख नाही त्याला वाटते, प्रमुख गेला. तारेतून आवाज येईनासा झाला एवढेच त्याला कळते. पलीकडचा बंद पडला, की मधली तार तुटली, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. नियमाप्रमाणे तो तुकडा नवा प्रमुख निवडतो. आता दोन चळती झाल्या, आणि दोघींजवळ मांडणी तीच असल्याने दोघींचा जाळ्यावरचा पत्ताही तोच! एकाच पत्त्याची दोन घरे झाली तर टपालाचे जे होईल तेच इथे होते.

यावर एक उपाय बहुमताचा आहे. पाच संगणकांच्या गटात निदान तीन एकत्र असतील तरच काम चालवायचे, दोघांच्या तुकड्याने गप्प राहायचे. अनेक संगणकांवर वाटून ठेवलेल्या माहितीसाठी ही पद्धत वापरतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ‘राफ्ट’ नावाची पद्धत याच तत्त्वावर चालते. पण तिची किंमत अशी, की लहान तुकड्यातल्यांचे काम बंद पडते. स्विचच्या चळतीत दोन्ही तुकडे आपापले काम चालू ठेवतात. त्याची किंमत म्हणजे एकाच पत्त्याचे दोन दावेदार. काम थांबवायचे, की गोंधळाची जोखीम घेऊन चालू ठेवायचे, यातली निवड रचना करणाऱ्याला करावीच लागते.

चळत नसलेल्या शाळेत

तुमच्या शाळेत अशी चळत नसेल. दोन-तीन साधे स्विच साध्या तारेने जोडलेले असतील. तिथेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. दोन स्विचमध्ये चुकून दोन तारा लागल्या तर वर्तुळ तयार होते, आणि सर्वांसाठी पाठवलेला एखादा संदेश त्या वर्तुळात फिरतच राहतो. प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात आणि सगळे जाळे गुदमरते. चळतीच्या खास तारांचे वलय सांभाळण्याची सोय चळतीतच असते, साध्या तारांच्या वर्तुळाला ती नसते.

१९८५ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी यावर तोडगा काढला. त्यांच्या पद्धतीत जाळ्यातले स्विच आपापसांत एक ‘मूळ’ निवडतात आणि त्या मुळापासून झाडाच्या फांद्यांसारखे मार्ग चालू ठेवून वर्तुळ करणाऱ्या जादा तारा तेवढ्या बंद ठेवतात. मूळ कोण? इथेही अग्रक्रम, आणि बरोबरी झाल्यास मॅक पत्ता. फक्त इथे अग्रक्रमाचा लहान अंक जिंकतो आणि न बदलल्यास तो ३२७६८ असतो. सगळ्यांचा अंक तोच राहिला, तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा स्विच मूळ होतो. अडगळीतला जुना, मंद स्विच कोणी जोडला आणि नेमका त्याचा पत्ता लहान निघाला, तर सगळी रहदारी त्याच्याकडून वळू लागते. ही सोय नसलेले स्वस्त स्विचही बाजारात मिळतात. तुमच्या कक्षात तसे असतील तर तार लावण्यापूर्वी तिची दोन्ही टोके डोळ्यांनी पाहावीत, हेच उत्तम.

वर्गात करून पाहा

हा सगळा खेळ संगणकाशिवाय वर्गात करता येतो. १९७९ साली चँग आणि रॉबर्ट्स यांनी वलयातून प्रमुख निवडण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. तीच आपण वापरू.

आठ विद्यार्थ्यांना गोल उभे करा आणि १ ते ८ अंकांच्या चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकाने आपला अंक दुसऱ्या कागदावर लिहून उजवीकडच्याला द्यायचा. हाती आलेला अंक आपल्यापेक्षा मोठा असेल तर पुढे द्यायचा, लहान असेल तर फाडायचा. स्वतःचाच अंक फिरून परत आला की ‘मी प्रमुख’ म्हणून हात वर करायचा. एका विद्यार्थ्याला कागद किती वेळा हात बदलतात ते मोजायला सांगा. अंक कागद देण्याच्या दिशेने चढत्या क्रमाने असतील तर मोजणी १५ येईल, उतरत्या क्रमाने असतील तर ३६. असे का, हे मुलांनाच शोधू द्या. वरच्या वर्गातल्या मुलांना आठऐवजी ‘न’ विद्यार्थ्यांसाठी सूत्र काढता येईल.

मग सगळ्यांना एकच अंक वाटून खेळ पुन्हा करा. पहिल्याच पायरीला आठही हात वर जातील! अँग्लुइन यांचा सिद्धान्त यापेक्षा सोप्या रीतीने समजावता येईल असे आम्हांला वाटत नाही.

शेवटी एका मुलाला ९ ही चिठ्ठी देऊन गोलाबाहेर बसवा. पहिल्यांदा त्याने काही न बोलता आत यावे, ‘इथे प्रमुख कोण?’ असे विचारावे आणि उत्तर मान्य करून उभे राहावे. दुसऱ्यांदा त्याने बाहेरच ‘मी प्रमुख’ अशी घोषणा करून मग आत यावे. आता दोन प्रमुखांचे अंक ताडून पाहा, आणि हरलेल्या गोलातल्या सगळ्यांना खाली बसून पुन्हा उठायला सांगा.

आठ जण खाली बसतात तेव्हा वर्गात हशा पिकतो. आमच्या इमारतीत त्या दुपारी कोणी हसले नव्हते. आता स्विचच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. ज्याचे मापन वाया गेले होते त्याच विद्यार्थ्याने तो लिहिला. त्यावर चारच शब्द आहेत : आधी तारा, मग वीज.